निरोपाची खोली

आमच्या अण्णांना कुणी विचारलं, "मुलगी काय करते?" तर ते सांगायचे, "एसीचं बघती." झालं. चार वर्षं पुण्याच्या कंपनीत डोळे फोडून मी जे शिकले, त्याचं अण्णांच्या तोंडी एवढंच व्हायचं.

मी समजावून सांगितलं नाही असं नाही. एखादी इमारत थंड ठेवायला किती वीज लागेल, हे मी आधीच काढून देते. त्यासाठी ती इमारत कॉम्प्युटरमध्ये बांधते. भिंती किती जाड, काचा कुठल्या दिशेला, दिवे किती, आत माणसं किती आणि कुठल्या वेळी, सगळं भरते. मग त्या इमारतीला सांगलीचं वर्षभराचं ऊन, वारा आणि दमट हवा तासातासानं दाखवते, आणि मशीन किती लागतील ते बघते. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे नसलेल्या दुकानाचं नसलेलं बिल." मला राग आला. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर बसलेलाच असतो असं आई म्हणते, आणि आई क्वचित चुकते.

आमचं कापडाचं दुकान गणपती पेठेच्या तोंडाला आहे. गेल्या वर्षी जुनं पाडून तीन मजली नवं बांधलं. खाली साड्या, मधल्या मजल्यावर बस्त्याच्या गाद्या आणि वर तयार कपडे. जत, कवठेमहांकाळ, तासगावकडची माणसं आमच्याकडं लग्नाचा बस्ता बांधायला येतात. बस्ता बांधणं म्हणजे एका बाईनं येऊन एक साडी नेणं नव्हे. टेम्पो भरून सोयरे येतात, सकाळी गादीवर बसतात आणि नवरीच्या शालूपासून आत्याच्या नणंदेच्या मानाच्या साडीपर्यंत सगळं ठरवून संध्याकाळी उठतात. मध्ये दोनदा रुसवा आणि चारदा चहा.

नव्या दुकानाला एसी बसवायची वेळ आली तेव्हा अण्णांचे जुने दोस्त भाऊसो आले. सांगलीतल्या निम्म्या दुकानांना भाऊसोंनीच गार केलंय. ते तिन्ही मजले फिरले, छताकडं बघत बोट हलवलं आणि अण्णांना म्हणाले, "शंभर फुटाला एक टन. जयपाल, पाच मोठी मशीन लागत्यात."

"तीन पुरतील," मी म्हणाले.

भाऊसोंनी माझ्याकडं लाडानं पाहिलं. हे मला सगळ्यात जास्त झोंबतं. मी लॅपटॉप उघडून त्यांना सगळं दाखवलं. मागची भिंत शेजारच्या इमारतीच्या सावलीत आहे, गच्चीवर पांढरा थर दिलाय, दिवे सगळे नवे आहेत, त्यांची उष्णता कमी. अण्णा दोघांचंही ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "तीनच बसव भाऊसो. उन्हाळा काय सांगतोय बघू." ही बापाची माया होती की व्यापाऱ्याचा हिशेबीपणा, हे मी विचारलं नाही. दोन्हींतलं जे असेल ते पदरात पाडून घेतलं.

मला ती तीन मशीन हवी होती, त्याचं कारण वेगळंच होतं. पुण्याची नोकरी सोडून मी घरी परतले होते. बंगळूरच्या एका कंपनीनं मला बोलावलं होतं आणि एप्रिलअखेर उत्तर द्यायचं होतं. मला जायचं नव्हतं. मला इथं, सांगलीतच, स्वतःचं ऑफिस थाटायचं होतं. शिरवळला कारखाने आहेत, साताऱ्यात हॉटेलं उठतायत, सांगलीत दर चौकाला दवाखाना. कामाला काय तोटा? पण पिकतं तिथं विकत नाही. जैनांची पोरगी काहीतरी कॉम्प्युटरवर करते, एवढ्यावर कोण आपली इमारत हातात देणार? बापाचं दुकान तीन मशीनवर गारेगार झालं, तर मात्र पेठेत बोलायला जाहिरात लागली नसती. आणि झालं नाही तर तीच पेठ म्हणाली असती, "पोरीनं बापाचंच दुकान तापवलं." मग बंगळूरच बरं.

एप्रिल आला आणि दुकान तापलं.

अगदी भट्टी नव्हे, पण बायका साडीच्या खोक्याच्या झाकणानं वारा घ्यायला लागल्या. नऊवारीतली एक आजी खालच्या मजल्यावर टेकली आणि म्हणाली, "एसी हाय म्हणून आलो, तर हितं बी फुफाटाच की." तिन्ही मशीन गच्चीवर सकाळपासून घुमत होती, क्षणाची उसंत नव्हती. भाऊसो एकदा सहज म्हणून डोकावले, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "प्राची बाळ, कॉम्प्युटरला घाम येत न्हाई बघ."

अण्णा रागावले असते तर मी भांडले तरी असते. त्यांनी फक्त भाऊसोंना फोन केला आणि सांगितलं, सोमवारी आणखी दोन मशीन चढवा. लगीनसराईत गिऱ्हाईक घामाघूम झालेलं चालत नाही, हे मलाही कळत होतं. मी आईजवळ जाऊन रडले. आईनं माझ्या हातात लसूण नसलेल्या चटणीची वाटी दिली आणि "आधी जेव" म्हणाली. आमच्याकडं दुःखावर हाच इलाज आहे, आणि तो सूर्यास्ताच्या आत करावा लागतो.

जेवून मी कामाला लागले. माझा हिशेब चुकलाय तर कुठं चुकलाय, एवढं मला कळायलाच हवं होतं. प्रत्येक मजल्यावर तापमान नोंदवणाऱ्या चपट्या डब्या लटकवल्या. बोहनीच्या वेळी अण्णांनी त्यातल्या एकीला चुकून नमस्कार केला. समोरच्या काचेवर दुपारचं ऊन किती येतं ते बघितलं. जेवढं धरलं होतं तेवढंच येत होतं. गच्चीला हात लावून बघितला, दिवे मोजले. मग वाटलं, बस्त्याची माणसं! मी गिऱ्हाईक अर्धा तास थांबतं असं धरलं होतं, आणि इथं तर दिवसभर गादीवर पंचवीस जणांचा गोतावळा. तेही भरलं. मनसोक्त माणसं भरली, इतकी की आमच्या दुकानात जत्रा भरली. तरी कॉम्प्युटर म्हणाला, तीन पुरतील.

राहिलं दार. थंड जागेचं दार उघडं राहिलं की सगळं मुसळ केरात, हे आमच्या धंद्यातलं पहिलं ज्ञान. मी एकेकाला पकडून विचारलं. बिलाला बसणारा माझा मोठा भाऊ (अतिशय हे त्याचं नाव), साड्या दाखवणाऱ्या दोघी, स्वतः अण्णा. प्रश्न एकच, "लोक गेल्यावर दार लगेच बंद होतं ना?"

"गेल्यावर लगेच," सगळे म्हणाले. अण्णा तर दुखावलेच. "गेल्यावर कशाला उघडं ठेवू? धूळ येती साड्यांवर." कुणी खोटं बोलत नव्हतं. दार किती वेळ उघडं राहतं, त्या कॉम्प्युटरमधल्या खान्यात मी काही सेकंद भरले होते, ते तसेच ठेवले.

डब्यांनी मात्र एक गंमत दाखवली. रोज संध्याकाळी तापमानाची रेघ खाली यायची आणि दुकान छान गार व्हायचं. तासाभरानं रेघ पुन्हा वर चढायची. मी दादाला दाखवलं. त्यानं घड्याळाकडं पाहिलं, रेघेकडं पाहिलं आणि हसत सुटला. "अगं, ही तर अण्णांची जेवायची वेळ. सूर्य मावळायच्या आत जेवायला घरी जातात तेव्हा दुकान गार, आणि परत आले की गरम. दुकान कोण तापवतंय बघ! आणि म्हणे हिचं नाक गरम."

"ऊन उतरतं म्हणून गार होतं," मी फटकारलं. "उन्हाचा आणि अण्णांच्या जेवणाचा संबंध आहेच. दोघांची वेळ एकच."

"मग अंधार पडल्यावर परत का तापतं?"

मी पुन्हा रेघेवर वाकले. दादाला बिलं करायची होती म्हणून त्यानं जास्त ताणलं नाही, नाहीतर असला मुद्दा तो महिनाभर पुरवून पुरवून वापरतो.

शनिवारी जतकडच्या चंद्राबाई बस्त्याला आल्या. त्यांचा मुलगा वीरधवल फौजेत, लग्नासाठी सुट्टीवर आलेला. चंद्राबाई म्हणजे आवाज असा की वरच्या मजल्यावर विचारलेला भाव खालच्या मजल्यावर कळावा. विहीणबाईंच्या साडीवरून गादीवर चांगलीच खडाजंगी झाली. त्यांच्या जावेनं हिरवी पैठणी काढली, चंद्राबाईंनी ती बाजूला सारली. "विहिणीला एवढी भारी कशाला? चारचौघींत दिसंल अशी साधी द्या." जावेनं पैठणीची घडी घातली. वीरधवल सरहद्दीवर उभा राहावा तसा ताठ बसून होता आणि कुठल्याही साडीला "चांगली आहे" म्हणत होता, त्यामुळं त्याला कुणी विचारेनासं झालं होतं.

उन्हं अजून चांगलीच तापलेली होती तेव्हा बस्ता संपला. गठुडी टेम्पोत गेली. मी खालीच होते. दिवसभर डब्यांच्या रेघा बघून माझं डोकं उठलं होतं. सोमवारी मशीन येणार, मंगळवारी मी बंगळूरला हो म्हणणार, असं मनाशी ठरवून मी लॅपटॉप आवरला आणि अण्णांना म्हणाले, "मी येते घरी."

अण्णा तेव्हा चंद्राबाईंना दारापर्यंत पोचवायला आले होते. हा त्यांचा नेम आहे. शंभराचा टॉवेल घेणारा असो की लाखाचा बस्ता बांधणारा, अण्णा त्याला दारापर्यंत पोचवतात. काचेचं दार आपोआप मिटणारं आहे, म्हणून ते त्याला पाठ लावून उभे राहतात आणि हात जोडतात.

"येतो मग, अण्णा," चंद्राबाई म्हणाल्या.

"या. लग्नात भेटूच."

"तुमी यायलाच पायजे. वैनींस्नी बी आणा."

"आणतो की. पाऊसपाणी काय तुमच्याकडं?"

"कुठलं आवं. टँकर सुरू हाय. पर लगीन काय थांबतंय?" मग जनावरांचा विषय निघाला, मग कुण्या आप्पासोच्या गुडघ्याचा. चंद्राबाई पुन्हा "येतो" म्हणाल्या आणि आणखी ऐसपैस उभ्या राहिल्या. त्यांनी माझा हात धरला. "ही थोरली का? काय करती?"

"एसीचं बघती," अण्णा म्हणाले.

"मग जरा गार कर की गं दुकान," चंद्राबाई म्हणाल्या आणि सगळे हसले. मीही कसंनुसं हसले. इतक्यात चंद्राबाईंनी टेम्पोकडं एक नजर टाकली. जाऊ आत बसली होती. त्यांनी आवाज खाली आणला. तो खालीही येतो हे मला तेव्हाच कळलं. "अण्णा, ती हिरवी काढून ठेवा. पोरगं येऊन नेईल. विहिणीलाच द्यायची हाय. लेक देती बिचारी, आनि काय द्यायचं तिनं? पर जावंसमोर म्हनलं असतं तर तिला बी तसलीच लागली असती."

"ठेवतो," अण्णा म्हणाले. टेम्पो निघाला. अण्णा माझ्याकडं वळून म्हणाले, "बघितलंस? आत माणूस दहा जणांकडं बघून बोलतोय. दारात येतो तवा खरं बोलतोय. म्हणून मी दार कधी चुकवत न्हाई."

मी ऐकत होते, पण अर्धवट. माझ्या पायांना गार लागत होतं. दुकानातली गार हवा माझ्या घोट्यांवरून वाहत रस्त्यावर निघाली होती, आणि डोक्यावरून रस्त्यावरची धगधगीत हवा आत साड्यांकडं. अण्णांची पाठ दाराला. माझा पाय दाराला. मी घरी निघाले त्याला किती वेळ झाला होता कोण जाणे, आणि मी अजून गेलेच नव्हते.

"गेल्यावर लगेच," सगळे म्हणाले होते. अगदी खरं. पण आमच्याकडं कुणी जातं कुठं? जातो म्हणणं अशुभ, म्हणून सगळे येतो म्हणतात, आणि येतो म्हणाल्यावर पाव तास निघत नाहीत. मी कॉम्प्युटरला दार उघडलं आणि मिटलं एवढंच सांगितलं होतं. निरोप सांगितलाच नव्हता. जगातल्या कुठल्या प्रोग्रॅममध्ये निरोपाचा खाना आहे? आणि अण्णा जेवायला गेले की दारात पोचवायला कुणी नसतं, म्हणून रोज संध्याकाळी दुकान गार. काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझा कळसा तर हात जोडून समोर उभा होता.

मी दारातच मटकन बसले आणि हसायला लागले. अण्णा घाबरले. "ऊन लागलं का गं?"

"अण्णा, दुकान तुम्हीच तापवताय!"

दादा बिलं टाकून आला. त्याला आयताच मोका मिळाला होता, तो त्यानं सोडला नाही.

घरी जाऊन मी दाराच्या खान्यात खरा निरोप भरला. कॉम्प्युटरनं लगेच कबूल केलं, आता तीन पुरत नाहीत, दुकान तापतंय. डब्यांची रेघ आणि माझी रेघ एकमेकींवर बसल्या. चूक सापडल्याचा झाला एवढा आनंद मला पहिल्या पगाराचाही झाला नव्हता.

पण चूक सापडणं वेगळं आणि अण्णांना दारातून हलवणं वेगळं. रविवारी सकाळी मी त्यांना गोड बोलून पटवलं की आजच्या दिवस निरोप आतच द्यायचा, दार मिटलेलं ठेवून. अण्णा तयार झाले. कवठेमहांकाळचं कुटुंब उठलं. अण्णा गल्ल्याजवळच उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "या मग. बाकी काय, घरी सगळं ठीक?"

कुटुंब एकमेकांकडं बघायला लागलं. शेठ विचारपूस करतायत आणि दाराकडं तर जात नाहीत. म्हणजे बसा म्हणतायत. सगळे परत बसले. चहा सांगावा लागला. त्यांच्या मागं तासगावचे लोक उठले, तेही बसले. दुपारपर्यंत आमच्या दुकानातून कुणी बाहेर पडेना. वर नवं गिऱ्हाईक येतच होतं. दादानं बिलाच्या टेबलावरून मला हात जोडले. "ताईसाहेब, आता तर लग्नाचं कार्यालयच झालं."

अण्णा कावले. "माणसाला दारात सोडायचं न्हाई, ही कसली रीत? गार दुकानात गिऱ्हाईक तोंड फिरवून गेलं तर ते गार काय चाटायचंय?"

माझाही पारा चढला होता, पण बोलता बोलता मलाच कळलं की अण्णांचं खरं आहे. माणसं बदलायची नव्हती. खोली बदलायची होती.

"अण्णा, तुम्हाला निरोपाला दार पाहिजे ना? मी दोन देते."

दारालगत काचेत साड्या नेसवलेले पुतळे उभे होते. ती जागा बैलगाडी उभी राहील एवढी. पुतळे वर हलवले. पलीकडच्या गल्लीतल्या मांडववाल्याकडून लग्नाची जाड कनात आणली आणि आत, दारापासून चार पावलांवर, तिचा दुहेरी पडदा टाकला. आता दुकानातून निघालेला माणूस पडद्याबाहेर आला की मागं पडदा मिटायचा, आणि पुढं काचेचं दार. मधल्या जागेत एक बाकडं आणि पाण्याचा माठ ठेवला. अण्णांनी हवा तितका वेळ काचेला पाठ लावून उभं राहावं. ऊन आलं तर त्या खोलीत येणार, साड्यांपर्यंत पोचणार नाही.

"लक्ष्मीला दोनदा दार उघडायला लावती ही," अण्णा कुरकुरले.

"लक्ष्मी दमली तर बाकड्यावर बसेल," आई म्हणाली. आई मुद्दाम बघायला आली होती, आणि त्या बाकड्यावर पहिली तीच बसली.

सोमवारी भाऊसो आले. दारात टेम्पो, टेम्पोत दोन नवी मशीन, वर शिडी. मी म्हणाले, "काका, दुपारपर्यंत थांबा. एवढंच." भाऊसो माणूस चांगला. "थांबतो की. तवर चहा पाज," म्हणाले आणि बाकड्यावर बसले. मी मात्र उभीच होते. गादीवर दोन बस्ते भरले होते, बाहेर रस्त्यावर डांबर मऊ झालं होतं. अण्णा एकेकाला पोचवत होते आणि मी दर वेळी पडदा मिटला का ते बघत होते. डबीतली रेघ उतरते आहे असं वाटायचं आणि पुन्हा तिथंच आहे असंही वाटायचं. हे जमलं नाही तर मी उद्या बंगळूरला हो म्हणणार होते, आणि आता मला ते मुळीच म्हणायचं नव्हतं.

भर दुपारी गच्चीवरची घरघर थांबली.

जिन्यात एकदम इतकी शांतता झाली की वरच्या मजल्यावरची कात्री ऐकू आली. अण्णांचा चेहरा उतरला. "बंद पडलं! भाऊसो, मशीन बंद पडलं!" भाऊसो बाकड्यावरून उठले आणि वयाच्या मानानं फार वेगानं गच्चीकडं धावले. त्यांच्या मागं अण्णा, अण्णांच्या मागं दादा. मीही धावले.

गच्चीवर भाऊसो मशीनपुढं वाकले, इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि सावकाश सरळ झाले.

"बिघडलं न्हाई," ते म्हणाले. "थांबलंय. खाली पायजे तेवढं गार झालंय म्हणून दम खातंय. बसवल्यापासनं पहिल्यांदा." त्यांनी टोपी काढली आणि माझ्याकडं पाहिलं. यावेळी लाडानं नाही. "प्राची बाळ, जितलीस गड्या!"

आम्ही खाली आलो तेव्हा साडीच्या खोक्यांची झाकणं सगळी खोक्यांवर होती. गादीवरच्या एका आजीनं पदर अंगाभोवती घेतला आणि पंखा बंद करा म्हणाली. त्या आजीला मी मिठी मारायची तेवढी बाकी राहिली.

भाऊसोंनी दोन्ही मशीन परत नेली, पण जाताना ते बाकड्याजवळ रेंगाळले. "येतो जयपाल," म्हणाले आणि उभेच राहिले. मला आता ठाऊक होतं, खरं काय ते आता येणार.

"शिरवळला एका कारखान्याचं ऑफिस हाय," ते हळूच म्हणाले. "मीच बसवलेत मशीन. शंभर फुटाला एक टन. भर मे महिन्यात माणसं स्वेटर घालून बसत्यात, आणि बिल बघून मालकाला घाम फुटतोय. तू बघतीस का काय ते? मालकाला मी सांगतो. सांगलीत हिच्याएवढं कुणाला कळत न्हाई म्हणून."

पुढं कनातीच्या जागी पक्कं दार झालं. पेठेनं त्या जागेला निरोपाची खोली हे नाव देऊन टाकलं. अण्णांनी तिथं टॉवेल, टोप्या आणि रुमाल टांगले, आणि बोलता बोलता माणसं तेही घेतात असं दादा सांगतो. दोन दारांची कल्पना मूळ कुणाची, हे अण्णा आता कुणाला सांगत नाहीत. स्वतःचीच असल्यासारखं दाखवतात.

मे महिन्यात भाऊसोंबरोबर मी शिरवळला निघाले, पहिल्या कामाला. बंगळूरला मी केव्हाच "नाही" म्हणून कळवलं होतं. घरी त्यावर कुणी काही बोललं नव्हतं. अण्णा तर गेले कित्येक दिवस शेजारी जेवायला बसून फक्त कापडाच्या भावावर बोलत होते. मला वाटलं होतं, त्यांना हे तितकंसं रुचलेलं नाही. पोरीनं मोठ्या शहरात नाव काढावं असं त्यांच्या मनात असणार.

"येते अण्णा," मी म्हणाले. भाऊसोंची गाडी बाहेर उभी होती.

अण्णा पोचवायला आले. मागचं दार मिटलं. त्यांनी पुढच्या काचेला पाठ लावली. "डबा घेतलास? लवकर जेव. उशीर करू नको." घेतलाय, मी म्हणाले. "शिरवळला वारं असतंय." असतंय, मी म्हणाले. मग ते रस्त्याकडं बघत राहिले. ऊन आत आलं होतं, बाकड्यापर्यंत.

"तू बंगळूरला गेली असतीस तर," अण्णा म्हणाले, "मी जा म्हटलं असतं. पण मला करमलं नसतं बघ." आणि मग शेजारच्या दुकानदारानं अण्णांना हात केला आणि मुलगी कुठं निघाली म्हणून विचारलं. अण्णांनी आवाज चढवून सांगितलं, "शिरवळला! इमारतीला किती ऊर्जा लागती ते आधी काढती ती. सबंध वर्षाचं. तासातासाचं!"

भाऊसोंनी हॉर्न वाजवला.

"येते," मी पुन्हा म्हणाले, माझीही पाठ दाराला लावली आणि तिथंच उभी राहिले.